निळ्या टाइल्स, गेरूच्या खुणा: नववीच्या मुलांनी केलेली एका चित्रदालनाची आभासी सफर

पणजीत आझाद मैदानाला लागून इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा ही जुनी संस्था आहे. तिच्या प्रवेशदालनाच्या भिंती निळ्या रंगात चितारलेल्या टाइल्सनी मढवलेल्या आहेत. पोर्तुगीज चित्रकार जॉर्जे कोलासो यांचं हे १९३५ सालचं काम. पोर्तो शहरातल्या सांव बेंतो रेल्वे स्थानकात सुमारे वीस हजार टाइल्सवर जी चित्रं आहेत, तीही याच कोलासोंची. पणजीतल्या चित्रांचा विषय आहे कामोंइश या कवीचं 'लुझियाद' हे महाकाव्य. वास्को द गामाच्या हिंदुस्थानच्या सफरीचं हे गौरवगान १५७२ साली छापलं गेलं.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलातल्या नववीच्या मुलांनी या दालनाची आभासी सफर तयार केली. मोबाइलवर किंवा संगणकावर ती उघडायची, बोटाने चित्र फिरवायचं, खुणांवर टेकवून वाचायचं, ऐकायचं आणि पुढच्या जागी जायचं. मी मराठी शिकवते. चित्रकलेचे सर आणि संगणकाच्या टीचर बरोबर होत्या. ओळखीच्या शिक्षकांना सफर दाखवली की पहिला प्रश्न येतो, "कुठलं ॲप वापरलंत?" त्याचं उत्तर थोडक्यात देता येतं आणि पुढे दिलंही आहे. आमचा बहुतेक वेळ मात्र वेगळ्याच गोष्टीवर गेला: पाहणाऱ्याला कुठे थांबवायचं आणि तिथे त्याला काय सांगायचं. या दालनात हा प्रश्न फार टोकदार झाला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हेच दालन का

मुलांच्या पहिल्या यादीत हे दालन नव्हतंच. त्यांना हवे होते साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा, मडगावचे लक्ष्मण पै, आणि गोमंतकीय घरातले वासुदेव गायतोंडे. तिघांची नावं त्यांनी चित्रकलेच्या तासाला ऐकली होती. ही निवड योग्यच होती, पण आम्ही फळ्यावर एक हिशेब मांडला. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराचं निधन झालं की पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं त्याच्या चित्रावर कॉपीराइट राहतो. गायतोंडे २००१ साली गेले, म्हणजे २०६१ अखेरपर्यंत. सोझा २००२ साली, म्हणजे २०६२. पै २०२१ साली, म्हणजे २०८१. एवढी वर्षं ही चित्रं नेटवर टाकायची तर हक्कदारांची परवानगी शोधत जायला हवं. कोलासो १९४२ साली वारले, त्यांची मुदत २००२ अखेर संपली.

ही वजाबाकी मुलांनी स्वतः केली आणि तिथून पुढे कुणालाही "नेटवर मिळालं" एवढ्यावर फोटो उचलावासा वाटला नाही. मी दहा भाषणं देऊनही हे साधलं नसतं. अर्थात कॉपीराइट संपला तरी वास्तू संस्थेची असते. आत कॅमेरा चालवायला लेखी परवानगी लागते आणि ती आधी घ्यावी. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडू नये म्हणून तिपाई न्यायची नाही आणि कुणाचाही चेहरा सफरीत ठेवायचा नाही, हे दोन नियम मुलांनीच आपल्यावर घालून घेतले.

गवंड्याचा ओळंबा

चौफेर फोटो काढायचे खास कॅमेरे मिळतात. आमच्याकडे शिक्षकांचे मोबाइल होते. मोबाइलनेही चौफेर चित्र होतं: एका जागी उभं राहून सगळ्या दिशांचे फोटो काढायचे, शेजारच्या दोन फोटोंत साधारण एक तृतीयांश भाग सामाईक ठेवायचा आणि मग संगणकावर ते जोडायचे. मोबाइल उभा धरला तर दर ३० अंशांना एक, म्हणजे एका फेरीत १२ फोटो येतात. एक फेरी समोर बघून, एक वर बघून, एक खाली बघून, शिवाय छताचा आणि जमिनीचा वेगळा. मुलांनी पुठ्ठ्याची तबकडी कापून तिच्यावर कोनमापकाने खुणा केल्या आणि ती जमिनीवर ठेवली.

शाळेच्या वर्गात सराव केला तेव्हा चित्र बऱ्यापैकी जुळलं. दालनातले फोटो जोडल्यावर मात्र जोड उघडा पडला. कारण साधं आहे. रंगवलेल्या साध्या भिंतीवर जोड थोडा हलला तर कळत नाही. टाइल्सची भिंत म्हणजे आखलेली चौकट, साधारण वीतभरापेक्षाही लहान अशा चौकोनांची. तिथे केसभर जोड चुकला की सांध्याची रेघ तुटलेली दिसते, आणि एक तुटली की डोळा तिथेच अडकतो.

चूक संगणकाची नव्हती. माणूस मोबाइल हातात धरून स्वतःभोवती फिरतो तेव्हा मोबाइल त्याच्या भोवती वर्तुळात फिरतो, म्हणजे प्रत्येक फोटो वेगळ्या जागेवरून निघतो. नाकासमोर बोट धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटला की बोट मागच्या भिंतीवर सरकतं, तेच इथे होतं. वस्तू जितकी जवळ तितकी ती जास्त सरकते. उपाय एकच: मोबाइलची भिंग एका ठरावीक बिंदूवर स्थिर ठेवायची आणि माणसाने तिच्याभोवती फिरायचं.

हे बोलायला सोपं आहे, पण हात हलतोच. एका मुलाचे वडील गवंडी आहेत. त्याने घरून ओळंबा आणला. दोरी मोबाइलला भिंगेच्या अगदी जवळ बांधली आणि ओळंब्याचं टोक जमिनीवरच्या तबकडीच्या मध्यावर आलं की मगच बटण दाबायचं. एकाने मोबाइल धरायचा, दुसऱ्याने उकिडवं बसून टोकाकडे बघत "हं" म्हणायचं. दोरीची लांबी बदलत नाही, त्यामुळे उंचीही कायम राहते. याशिवाय आणखी एक काळजी घ्यावी लागते. दाराकडे लख्ख उजेड असतो आणि आतल्या कोपऱ्यात अंधार. मोबाइल आपणहून दर फोटोला उजेड बदलत राहतो, मग एकच निळा रंग चार छटांत येतो. फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही आधी लॉक करायचं. पुढच्या जोडणीत सांधे जुळले. एका कोपऱ्यात छताजवळ जोड अजून दिसतो, तो आम्ही तसाच ठेवला आहे.

टाइल्सच्या चकाकीचा प्रश्न वेगळा होता. झिलईवर दाराचं प्रतिबिंब पडतं आणि चित्राचा तेवढा भाग पांढरा होतो. त्यासाठी काही भागांचे बाजूने, जवळून वेगळे फोटो घेतले. पाहणारा खुणेवर टेकवतो तेव्हा हे जवळचे फोटो उघडतात.

"टीचर, हांगा आमचे राणे खंय?"

जोडलेलं चित्र वर्गात पडद्यावर फिरवत होतो. प्रत्येक गटाने खुणा कुठे लावायच्या ते सुचवायचं होतं. एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "टीचर, हांगा आमचे राणे खंय?" म्हणजे, इथे आमचे राणे कुठे आहेत?

सत्तरीतल्या मुलीने हा प्रश्न विचारावा यात नवल नाही. १८५२ साली सत्तरीच्या राणे घराण्यातल्या दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेऊन पोर्तुगीजांविरुद्ध बंड पुकारलं, ते पुढे तीन वर्षं चाललं. १८९५ साली दादा राण्यांचं बंड झालं. नाणूस आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकातून शिकायची गरज नसते, ते वाळपईजवळच आहे. समोरच्या निळ्या भिंतीवर मात्र गोव्यावर राज्य करायला आलेल्यांच्या पराक्रमाची कथा होती, आणि ती कथा आम्ही आमच्या आवाजात, आमच्या खुणा लावून जगाला दाखवणार होतो.

वर्गात तीन तट पडले. एक गट म्हणाला, चित्रात जे आहे तेवढंच सांगू, आपण मार्गदर्शक आहोत, वकील नाही. दुसरा म्हणाला, मग हे दालनच नको, दुसरं काही घेऊ. तिसरा म्हणाला, प्रत्येक चित्राखाली लिहू की ही जेत्यांची बाजू आहे.

पहिल्या गटाची भूमिका प्रामाणिक होती, पण मला ती पटली नाही. सफर बांधणारा गप्प बसला तर भिंत बोलते, आणि १९३५ सालच्या भिंतीला काय म्हणायचं होतं ते उघड आहे. तिसऱ्या गटाचंही पूर्ण पटलं नाही. दर पावलाला सूचना आली की माणूस चित्र बघायचं सोडून देतो. शिवाय कोलासोंचा हात असामान्य आहे. रेघेतली ती ताकद मुलांनी डोळे भरून बघावी असं मला मनापासून वाटत होतं. राग असो की प्रेम, आधी नीट बघायला हवं.

म्हणून मत मांडण्याआधी साल लावायचं ठरलं. मुलांनी भिंतीवर कागदाची लांब पट्टी चिकटवली. १४९८, गामा कालिकतला. १५१०, आल्बुकर्क गोवा जिंकतो. १५७२, 'लुझियाद' छापलं जातं. अठराव्या शतकात सत्तरी नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर मिळवलेल्या मुलखात, जाते. १८५२, दीपाजी. १८७१, ही संस्था स्थापन होते, तेव्हा तिचं नाव वास्को द गामाच्या नावावर. १८९५, दादा राणे. १९३०, पोर्तुगालचा पुढचा हुकूमशहा सालाझार याच्या वसाहत कायद्याविरुद्ध तेव्हाच्या कौन्सिलात ठराव येतो. १९३५, ही चित्रं. १९६१, मुक्ती. १९६३, संस्थेचं नाव बदलून मिनेझिस ब्रागांझा.

पट्टी पूर्ण झाल्यावर प्रश्नाचं एक उत्तर आपोआप मिळालं: काव्य छापलं गेलं तेव्हा सत्तरी पोर्तुगीजांकडे नव्हतीच, मग कवीच्या कथेत राणे येणार कुठून? पण त्याच पट्टीने दुसरा, जास्त अवघड प्रश्न उभा केला. चित्रं काढली गेली १९३५ साली. तोवर दोन बंडं होऊन गेली होती. पाच वर्षं आधी वसाहत कायद्याविरुद्धचा तो ठराव मांडणारे होते चांदरचे लुईस द मिनेझिस ब्रागांझा. म्हणजे दारावर ज्यांचं नाव आहे त्यांनी ज्या सत्तेला विरोध केला, तिच्याच वैभवाची चित्रं दाराच्या आत आहेत, आणि दोन्ही आपण जपून ठेवली आहेत. हे जेव्हा एका मुलाने पट्टीवर बोट ठेवून सांगितलं, तेव्हा सफरीचा आराखडा ठरला.

दोन रंगांच्या खुणा. निळी खूण चित्रात काय आहे ते सांगते: प्रसंग, रेघ, टाइल, भट्टी, चित्रकार. गेरूच्या रंगाची खूण चित्राच्या चौकटीबाहेर त्या वेळी काय चाललं होतं ते सांगते. गेरूची खूण सगळीकडे लावायची नाही. जिथे सालंच बोलतात तिथेच लावायची. एका दृश्यात पाचापेक्षा जास्त खुणा नकोत, हा नियम चित्रकलेच्या सरांनी घातला आणि तो सोन्यासारखा ठरला. पाचाची मर्यादा असली की सहावी खूण लावायची तर आधीची एक काढावी लागते, आणि कुठली काढायची यावर जे भांडण होतं त्यातच मुलं चित्र सर्वांत जास्त बघतात.

सफरीची सुरुवातही मग बदलली. आधी ती थेट दालनात उघडत होती. आता ती बाहेर, नावाच्या पाटीसमोर उघडते, आणि शेवटचं दृश्य आझाद मैदानातलं आहे, जिथे हुतात्म्यांचं आणि गोवा मुक्तिलढ्याचे नेते टी. बी. कुन्हा यांचं स्मारक आहे. दालनातून बाहेर पडणाऱ्या खऱ्या माणसालाही मैदान हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे वाट ओढूनताणून आणलेली वाटत नाही.

बोटाने दाखवता येईल तेच

खुणांचे मजकूर लिहायचं काम माझ्या तासाचं. आमच्याकडे मुलं घरी कोकणी बोलतात, प्राथमिक शिक्षण मराठीत होतं, पाचवीपासून बाकीचे विषय इंग्रजीत. मराठीत लिहायला बसली की परीक्षेतला निबंध उतरतो. पहिल्या मसुद्यांत "जगप्रसिद्ध", "अप्रतिम", "ऐतिहासिक वारसा" यांची रेलचेल होती. एका मुलाचा मजकूर असा: "हे अतिशय सुंदर व नयनरम्य चित्र असून ते आपल्याला इतिहासाची आठवण करून देते."

मी एकच अट घातली. पडद्यावर बोटाने दाखवता येईल तेच लिहायचं, किंवा ज्याचं साल सांगता येईल ते. साठ शब्दांच्या आत. त्याच मुलाचा शेवटचा मजकूर असा आहे: "जवळ या. ही रेघ एका टाइलवर सुरू होते आणि पुढच्या टाइलवर जाते तिथे निळा थोडा फिका झाला आहे. प्रत्येक टाइल भट्टीत भाजलेली आहे, आणि सगळीकडे आच सारखी नसते. आता मागे जा. दुरून हा फरक दिसत नाही." यात विशेषण जवळजवळ नाही आणि तरी वाचणारा माणूस दोन पावलं पुढे-मागे होतो. मराठीच्या पेपरात या उत्तराला किती गुण मिळाले असते कोण जाणे, माझ्या लेखी हे त्या वर्षातलं सर्वांत चांगलं मराठी लेखन होतं.

गेरूच्या खुणांचे मजकूर जास्त वेळा फिरवावे लागले, कारण तिथे राग आवरून साल आणि नाव तेवढंच ठेवायचं होतं. "त्यांनी आमच्यावर अन्याय केला" हे वाक्य वर्गाने स्वतःच कापलं आणि त्या जागी १८५२ आणि नाणूस आलं.

जोडणी

हा भाग पटकन सांगते. फोटो 'हगिन' या मोफत प्रोग्रामने जोडले. त्यातून रुंदी उंचीच्या दुप्पट असलेलं एक चित्र मिळतं, पृथ्वीच्या गोलाचा भिंतीवरचा नकाशा असतो तसं. ते 'पॅनेलम' या मुक्त प्रणालीत घातलं. खुणेची जागा दोन कोनांनी सांगायची: डावी-उजवीकडे किती अंश, वर-खाली किती अंश. मुलांना हे भूगोलातल्या अक्षांश-रेखांशांमुळे लगेच समजलं.

तयार संकेतस्थळं टाळायचं कारण अनुभव नसतानाही कळण्यासारखं आहे. शाळांत लोकप्रिय असलेलं गूगलचं टूर क्रिएटर २०२१ साली बंद झालं आणि चौफेर फोटो काढून देणारं स्ट्रीट व्ह्यू ॲप २०२३ साली. मुलांचं काम दुसऱ्याच्या दुकानात ठेवलं की दुकानाबरोबर तेही जातं. आमची सफर म्हणजे फायलींचा एक फोल्डर आहे. तो पेनड्राइव्हवर मावतो आणि कुठल्याही सर्व्हरवर चढतो.

करून बघणाऱ्यांसाठी दोन सूचना. फोल्डरमधली फाइल नुसती डबल-क्लिक करून उघडली तर ब्राउझर सुरक्षेच्या कारणाने चित्र दाखवत नाही. तपासायला पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेबरोबर येणारा, एका आज्ञेत चालणारा छोटा सर्व्हर लावावा. आणि फायलींची नावं सगळी लहान इंग्रजी अक्षरांत ठेवावीत. शाळेच्या विंडोज संगणकाला मोठं-लहान अक्षर चालून जातं, नेटवरच्या बहुतेक सर्व्हरना चालत नाही, आणि मग घरी उघडलेलं चित्र नेटवर काळं दिसतं.

गावात दाखवली तेव्हा

सफर कुणासाठी, हे मुलांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं: घरातली जी माणसं पणजीला फक्त दवाखान्याच्या किंवा सरकारी कामाला जातात त्यांच्यासाठी. त्यामुळे तपासणीही घरीच झाली. प्रत्येकाने घरातल्या एका मोठ्या माणसाच्या हातात मोबाइल द्यायचा, काहीही सांगायचं नाही, आणि ते काय करतात ते लिहून आणायचं.

त्या नोंदी वाचताना आमच्या बऱ्याच कल्पना बदलल्या. चित्र फिरवता येतं हे अनेकांच्या लक्षात आलं नाही. ते एकाच चौकटीकडे बघत बसले. आता सफर उघडल्यावर चित्र आपणहून सावकाश फिरतं आणि बोट लावलं की थांबतं. काहीजण फिरवत फिरवत छतापर्यंत गेले आणि परत येईनात, म्हणून वर-खाली फिरण्यावर मर्यादा घातली. डोंगराच्या आडोशाच्या वाड्यांवर रेंज कमी, तिथे मोठं चित्र उतरेपर्यंत लोक मोबाइल खाली ठेवत होते. आता आधी कमी दर्जाचं चित्र लगेच येतं आणि स्पष्ट तुकडे मागून भरत जातात.

एका आजीने नातवाला सांगितलं, "तू वाचून दाखय." अक्षरं बारीक होती हे एक कारण होतं, पण नातवाच्या तोंडून ऐकायचं होतं हेही खरं. तेव्हापासून प्रत्येक खुणेला आवाज आहे. मजकूर मराठीत, आवाज मुलांचा आणि घरच्या बोलीत. अठरा वर्षांखालच्या मुलांचे आवाज नेटवर जाणार म्हणून पालकांची लेखी संमती घेतली आणि कुणाचंही नाव दिलं नाही.

गेरूच्या खुणांकडे मोठी माणसं जास्त वेळ थांबली असं बहुतेक मुलांनी लिहिलं आहे. एका घरी आजोबांनी नाणूसच्या खुणेवर सफर थांबवून बराच वेळ स्वतःच गोष्ट सांगितली. त्या मुलीने ती लिहून आणली आणि विचारलं, ही खुणेत घालायची का? वर्गाने विचार करून नाही म्हटलं: सालाचा आणि नावाचा नियम सगळ्यांना सारखा. पण आजोबांची गोष्ट वेगळ्या फाइलमध्ये जपली आहे आणि पुढच्या तुकडीला नाणूसची सफर करायची आहे, तिथे ती पहिल्यांदा लागेल.

एक काम मात्र अजून चालू आहे. दृष्टिहीन माणसाचा मोबाइल पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, पण चौफेर चित्रात त्याच्या हाती काहीच लागत नाही. खुणा कुठे आहेत हेही त्याला कळत नाही. त्यासाठी मुलं सफरीचं साधं, नुसत्या मजकुराचं पान लिहीत आहेत. दारातून आत आल्यापासून मैदानापर्यंत, डावीकडे काय, उजवीकडे काय, किती पावलांवर काय, त्याच क्रमाने. निळ्या खुणांचे मजकूर तिथे पुरत नाहीत. "ही रेघ" म्हणताना कुठली रेघ ते आता शब्दांतच सांगावं लागतं, आणि सध्या आमच्या मराठीच्या तासाला तेच चाललं आहे.